अर्धलीची पारडी

पुनावळ्याच्या सोजराबाईला म्हशी पाठ होत्या. आता यात काय मोठंसं, असं कुणी म्हणेल, तर त्यानं एकदा तिच्यापुढं बसून ऐकायला हवं होतं. काजळीची झुंबर, झुंबरची मैना, मैनेची हरणी. कोण कुठल्या महिन्यात व्याली, कुणी कितव्या वेताला किती दूध दिलं, कुणाच्या कपाळावरचा भोवरा डावीकडं होता, सगळं ती न अडखळता सांगायची. यातली काजळी तर तिनं डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती, ती हिच्या जन्माआधीच मेलेली. तरी काजळीच्या शेपटाचा गोंडा पांढराशुभ्र होता, हे ती अशा खात्रीनं सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई आत्ताच तो गोंडा हातात धरून आलीय.

हे पाठांतर तिला सासूनं दिलं. बासष्ट साली लग्न होऊन आली तेव्हा सोजराबाई म्हशीला भ्यायची. माहेर चाकणच्या पलीकडचं, दारात दोन शेळ्या, तिसरं जनावर नाही. सासू चिमाबाई मोठी कडक. तिनं नव्या सुनेच्या अंगाची हळद उतरायच्या आत तिच्या हातात कासंडी दिली आणि मैनेखाली बसवलं. मैना म्हणजे काळा डोंगरच. सुनेचे हात लागले थरथरायला, आणि मैनेनं पान्हा चोरला. थेंब येईना. चिमाबाई मागं उभी होती, ती म्हणाली, "तिला तिची आई सांग."

सुनेला काही कळेना. मग सासूनंच सुरू केलं. काजळीची झुंबर, झुंबरची मैना, काजळी अशी होती, झुंबर तशी होती, अगदी धारेच्या लयीत. सोजराबाई मागोमाग म्हणत गेली. म्हणता म्हणता हात स्थिरावले आणि मैनेनं असा पान्हा सोडला की कासंडीच्या काठावर फेस आला. आता तुम्ही म्हणाल, हात थरथरायचे थांबले म्हणून दूध आलं, त्यात मेलेल्या काजळीचा काय संबंध. म्हणा बापडे. या मुक्या जनावराला आपली आजी ठाऊक आहे, असं वाटून सोजराबाईच्या अंगावर काटा आला तो आला. पुढं जन्मभर धार काढताना तिनं ही नावं घेतली.

नवरा साहेबराव सायकलीला कॅन लावून चिंचवडला रतीब घालायचा. सहासष्ट साली तो कंपनीत लागला, शिफ्ट सुरू झाली, आणि गोठा एकट्या सोजराबाईचा झाला. अडुसष्टात चिमाबाई गेली. जाताना तिनं देवाचं नाव घेतलं नाही की लेकाचं घेतलं नाही. सुनेला जवळ बोलावून म्हणाली, "गोठ्यात काजळीची वेल हाय, तवर घरात मी हाय." एवढं बोलून म्हातारी भिंतीकडं तोंड करून निजली.

आता या घराची एक रीत नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळंच घडलं. दुभत्या म्हशींनाच वैरण पुरायची नाही, तिथं पारडीला कोण पोसणार. म्हणून पारडी आईपासून तुटली की ती अर्धलीनं द्यायची. दुसऱ्यानं ती तीन-साडेतीन वर्षं पोसायची, आणि पहिल्यांदा व्याली की दोन्ही घरांनी बसायचं. पहिला शब्द पोसणाऱ्याचा. तो म्हणाला ठेवतो, तर त्यानं मालकाला अर्धी किंमत द्यायची आणि म्हैस त्याची. तो म्हणाला न्या, तर मालकानं अर्धी किंमत देऊन म्हैस घरी आणायची.

चिमाबाईच्या पारड्या गावकुसाबाहेरच्या सरूबाईकडं जायच्या. सरूबाईनं एकामागून एक पाच पोसल्या. झुंबर तिच्याच दारात वाढली, मैना तिथंच, हरणी तिथंच. आणि दरवेळी सरूबाईचा शब्द एकच, न्या. नुसता शब्दच नाही, व्यायला आठ-दहा दिवस उरले की ती स्वतः गाभण वगार चालवत आणायची आणि चिमाबाईच्या गोठ्यात बांधून जायची. गाव म्हणायचं, सरूबाई किती सरळ बाई. सोजराबाईलाही तसंच वाटायचं. त्या लोकांना म्हशीची हौसच नाही, असं तिनं आपलं ठरवून टाकलं होतं. सरूबाईचं घर छप्पन साली बौद्ध झालं, पण गावाचं सोवळं जागचं हललं नव्हतं. त्या घरचं दूध गावात कुणी हातात धरलं नसतं. सोजराबाईला हे काय माहीत नव्हतं? होतं की. पण तिनं कधी ते या गोष्टीशी जोडून पाहिलं नव्हतं.

पुढं सरूबाईचा लेक भिवा देहूरोडला लष्कराच्या डेपोत लागला आणि बिऱ्हाड तिकडं गेलं. सरूबाई तिथंच वारली. एकाहत्तरात हरणीची पारडी तुटली तेव्हा ही कुणाला द्यावी, असा सोजराबाईला प्रश्न पडला. आणि एक दिवस भिवाची बायको कौशल्या दारात उभी. पवना ओलांडून, देहूरोडहून चालत आलेली. सासूनं सांगून ठेवलंय, पारडी आमच्याकडंच यायची, म्हणाली. सोजराबाईनं दावं हातात दिलं. तिला मनातून बरंच वाटलं, घडी मोडली नाही म्हणून.

मग आलं चौऱ्याहत्तर साल. सोजराबाईसारख्या जाणत्या बाईनं असं करावं, याचा अजून राग येतो. ज्येष्ठात दवंडी झाली की घटसर्पाची लस टोचायला सरकारी डॉक्टर येणार. दूधदुभत्याच्या घरांत एक समजूत होती, सुई टोचली की म्हैस दुधाला मागं सरते. दोन-चार दिवस सरतेही, नाही असं नाही. ज्यांच्या म्हशी भाकड होत्या त्यांनी खुशाल टोचून घेतल्या. सोजराबाईची हरणी भर दुधात. चिंचवडच्या रतीबाला बारा वर्षांत एक दिवस खाडा नव्हता, त्याचा तिला केवढा तोरा. तिनं काय करावं? मैना, हरणी आणि हरणीची थोरली लेक, अशा तिघी सकाळीच पवनेच्या डोहात नेऊन बसवल्या. डॉक्टर आले, दावण रिकामी बघून गेले. दुपारी बाई म्हशी घेऊन हसत हसत घरी आली.

श्रावणात घटसर्प आला. सकाळी म्हातारी मैना तोंड पाण्याला लावीना. गळ्याखाली सूज, घशात घरघर. दुपारी ती गेली. दुसऱ्या दिवशी हरणी आणि तिची लेक, दोघी एकदम पडल्या. सोजराबाई हरणीचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि तिच्या कानात म्हणत राहिली, काजळीची झुंबर, झुंबरची मैना. ज्या नावांनी इतकी वर्षं पान्हा उतरला त्या नावांनी घशातली घरघर काही उतरली नाही. दिवस मावळायच्या आत तिन्ही दावी मोकळी झाली. शेजारच्या टोचलेल्या भाकड म्हशी दारात उभ्या राहून रवंथ करत होत्या.

साहेबराव एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं. महिन्याभरानं त्यानं हळूच विषय काढला. गोठा मोडू, तिथं चार खोल्या काढू. कंपन्यांत मराठवाड्याची, कोकणातली पोरं येताहेत, त्यांना जागा मिळत नाही. बोलणं शहाणपणाचं होतं, आणि सोजराबाईलाही ते कळत होतं. पण तिच्या डोक्यात एकच. देहूरोडला एक उरलीय. हरणीची धाकटी, कौशल्याकडची, माघात व्यायची. ती आली की वेल आली, म्हणजे म्हातारीही घरात राहिली. तिनं नवऱ्याला सांगितलं, माघापर्यंत थांबा.

माघ लागला. कौशल्या वगार घेऊन आली नाही. सोजराबाई रोज नदीच्या वाटेकडं बघायची. माघ निम्मा सरला तेव्हा तिनं पदर खोचला आणि उतारातून पवना ओलांडून देहूरोडची वाट धरली. मनात राग होता. इतक्या वर्षांची रीत, आणि या बाईनं निरोपसुद्धा धाडू नये?

रेल्वेलाईनच्या अंगाला भिवाची वस्ती. अंगणाच्या कडेला पत्र्याचा आडोसा, आणि त्याखाली म्हैस. सोजराबाई बघून जागच्या जागी थबकली. राग कुठल्या कुठं गेला. असं जनावर तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. काळ्या अंगावर निळसर झाक, पाठ अशी सपाट की वर परात ठेवावी, कास भरलेली, डोळे शांत. आणि म्हशीनं माशा वारायला शेपूट उडवलं, त्याचा गोंडा पांढरा. मधल्या कुणाला तो नव्हता. झुंबरला नाही, मैनेला नाही, हरणीला नाही. जी तिनं फक्त ऐकली होती ती काजळी समोर उभी होती. सोजराबाईनं नकळत हात जोडले.

म्हशीच्या पायाशी आठ दिवसांचा टोणगा होता. म्हणजे ही इथंच व्याली होती.

कौशल्या बाहेर आली. तिनं पाणी दिलं, घोंगडी अंथरली. तीन म्हशी गेल्याचं तिच्या कानावर आलं होतं, त्याबद्दल ती हळहळली. मग सोजराबाईनं विचारलं, वेळेला का आणली नाहीस. कौशल्यानं उलट विचारलं.

"पयला शब्द पोसणाऱ्याचा असतो ना, बाई?"

"असतो की."

"मग ऐका. ही निळी मी ठेवती."

सोजराबाईला आधी वाटलं आपणच चुकीचं ऐकलं. असा शब्द या घरातून कधी आलाच नव्हता. ती म्हणाली की अगं, ही काजळीची वेल, माझ्या सासूनं जपलेली, माझ्याकडं दुसरी उरली नाही. आणि मग तिनं आपली सगळी संपत्ती बाहेर काढली. काजळीपासून सुरुवात केली, एकेकीची वेतं, दूध, भोवरे, शिंगं, सगळं म्हणून दाखवलं. कौशल्यानं मध्ये तोंड घातलं नाही. संपल्यावर ती म्हणाली की आता माझं ऐका, मला माझ्या सासूनं सांगितलंय.

झुंबर माती खायची. सरूबाईनं दोन वर्षं तिच्या तोंडाला फडक्याची मुसकी बांधली, आणि दर तासाला सोडून पाणी पाजलं. हरणीला जंत झाले तेव्हा पळसपापडी वाटून ताकातून पाजली, आणि तीन दिवस सरूबाई स्वतः तिच्याशेजारी वैरणीत झोपली. मैना पाण्याला भ्यायची. लहानपणी पुरात वाहून जाता जाता राहिली होती. सरूबाई रोज तिला घेऊन मांडीएवढ्या पाण्यात उभी राहायची, नुसती उभी, तिच्या पाठीवर हात ठेवून. एक अख्खा उन्हाळा गेला, तेव्हा कुठं मैना पाण्यात बसली.

सोजराबाई ऐकतच राहिली. तिला ठाऊक असलेली मैना संध्याकाळपर्यंत डोहातून उठायची नाही, हाका मारून घसा बसायचा. ती पाण्याला भ्यायची? तेरा वर्षं जी नावं ती पाठ म्हणत होती, त्यांच्या पहिल्या साडेतीन वर्षांत काय झालं हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. तिच्या पाठांतरात म्हशी एकदम व्यायला झालेल्याच उगवत होत्या. आणि इथं ही बाई, जिला लिहिता येत नाही की वाचता येत नाही, उरलेलं अर्धं तोंडपाठ घेऊन बसली होती. सोजराबाईला स्वतःची लाजही वाटली आणि कौशल्यापुढं वाकावंसंही वाटलं. दोन्ही एकदमच.

"माझ्या सासूनं पाच पोसल्या," कौशल्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "एकीची बी धार तिनं काढली न्हाई. आमच्या दारात व्याली तर दुधाचं करायचं काय, घेतो कोन? म्हून अगुदर तुमच्या गोठ्यात. खरवस कसा लागतो ते म्हातारीला मरस्तवर ठावं नव्हतं. हितं क्वार्टरातली मानसं पंजाबी हायती, मद्रासी हायती. दूध घट हाय का पातळ, येवढंच बघत्यात. औंदा खरवस मी सगळ्या वस्तीत वाटला."

कौशल्या उठली, निळीखाली बसली आणि धार काढायला लागली. हात अगदी नवखा नव्हता, पण अंगठा आत दुमडत होती. सोजराबाईला राहवेना. अंगठा बाहेर ठेव, सडाला गाठ पडते, असं तिनं सांगितलं, आणि मग जवळ बसून दाखवलं. दाखवताना ओठ आपोआप हलले. काजळीची झुंबर, झुंबरची मैना, मैनेची हरणी. पुढचं नाव तिच्याजवळ नव्हतं. ते कौशल्यानं जोडलं, हरणीची निळी.

मग कौशल्यानं पेला भरून पुढं केला. सोजराबाईचा हात क्षणभर अडला, खोटं कशाला सांगा. सबंध जन्म तिनं या घरचं पाणीसुद्धा तोंडाला लावलं नव्हतं, मघाशी दिलेला तांब्याही तसाच बाजूला होता. पण काजळीच्या वेलीचं दूध समोर होतं आणि ते चाखल्याशिवाय तिला जाताच आलं नसतं. तिनं पेला तोंडाला लावला आणि सगळा संपवला. हिच्या चाऱ्यातली सरकी जरा कमी कर, एवढंच म्हणाली.

अर्ध्या किमतीचे पैसे कौशल्यानं बांधूनच ठेवले होते. सोजराबाई म्हणाली, पैसे नकोत, पुढं पारडी झाली की ती मला दे. कौशल्या नाही म्हणाली. आधी पैसे घ्या, म्हणजे निळी माझी झाली. मग पारडीचं बोलू. पैसे सोजराबाईच्या हातात पडल्यावर कौशल्या म्हणाली, "पारडी देईन. पर अर्धलीनं. मालक मी, पोसनार तुमी."

सोजराबाई बरं म्हणाली. निघताना कौशल्यानं सहज विचारलं, "गावात कुनाची म्हून सांगाल?" सोजराबाईनं पैसे कनवटीला लावले आणि नदीची वाट धरली.

पुढची तीन वर्षं तिच्या दावणीला जनावर नव्हतं. तरी ती रोज सकाळी गोठा झाडायची, पाण्याचं टाकं भरायची. बायका म्हणायच्या, हिला म्हशींनी वेड लावलं. साहेबरावनं विटा आणून टाकल्या होत्या, त्या तशाच पडून राहिल्या, त्यांवर गवत उगवलं. सुई टोचणारा डॉक्टर आला की ही बाई घराघरांत जाऊन म्हशी बाहेर काढायला लावायची, कुणी नाही म्हटलं तर हरणी कशी मेली ते सगळं सांगायची. सत्त्याहत्तरात निळी दुसऱ्यांदा व्याली आणि निरोप आला, पारडी झाली. वर्षानं ती तुटली. सोजराबाई जाऊन घेऊन आली.

पारडी चालायला हुशार. पवना तिनं न बिचकता ओलांडली. सोजराबाई सारी वाट तिच्याशी बोलत होती, आणि गाव जवळ आलं तशी गप्प झाली. पारावर पाच-सात माणसं बसली होती, मधोमध उद्धवराव, गावचे जुने पुढारी. चिमाबाईच्या म्हशींचं कौतुक त्यांनी लहानपणापासून केलेलं. पारडीचं कपाळ बघूनच त्यांनी ओळखलं. त्यांना खरोखर आनंद झाला होता.

"सोजराबाई, चिमाकाकीची वेल आली म्हणायची घरला."

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. कुणी पुढं विचारलं नसतं. ही रिकामी दावण तिनं झाडून जपली होती ती याच दिवसासाठी. पारडीनं तिच्या पदराला तोंड लावलं. सोजराबाईनं दावं आवळून धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं.

"माझी न्हाई. देहूरोडच्या कौशल्याबाईंची हाय. त्यांच्या सासूबाईंनी, सरूबाईंनी, ह्या वेलीच्या पाच पोसल्या. आता पोसायची पाळी माझी."

उद्धवरावांनी पानाची चंची उघडली आणि पुन्हा बंद केली. सोजराबाई पारडी घेऊन घराकडं वळली आणि चालता चालता तिला तिची आई सांगू लागली.